खांद्यावरून गाडीवर

एकतीस वर्षं चेनसॉ वाहून डोंगरवाटा मोकळ्या करणाऱ्या ओळंब्याचा डावा खांदा अखेर निकामी झाला. सरळ बोलतो, सरळ कापतो, म्हणून त्याला सगळे ओळंबा म्हणत. डॉक्टरांनी ओझं वाहायला मनाई केली. वनखात्याच्या साहेबांनी गोदामात खुर्ची दिली.

"मनाई वाहायला आहे, कापायला नाही," ओळंबा म्हणाला. "आडव्या झाडावर सॉचं वजन झाडच घेतं. वाहायचं काम गाडी करेल."

साहेब हसले नाहीत. "टेहळणी चौकीच्या वाटेवर वादळानं सात झाडं पाडलीत. गुरुवारी संध्याकाळपर्यंत उचला. जमलं तर वाट तुमची, नाही तर शुक्रवारपासून गोदाम."

ओळंब्याला गोदाम म्हणजे कपाटात ठेवून दिल्यासारखं होतं.

त्याचा मेहुणा वेल्डर. जाड टायरांच्या चारचाकी बाइकवर त्यानं पाइपची चौकट जोडली. जिच्यावर साखळी फिरते ती सॉची पट्टी मागच्या बाजूला, दातांवर म्यान, पेट्रोलचा डबा वेगळा. पट्टी चार बोटं बाहेर येत होती. झुडपात अडकली असती. ओळंब्यानं चौकट दोनदा कापायला लावली.

"भाऊजी, माझ्या बहिणीनं तुमच्याबरोबर संसार केला तरी कसा?"

"मोजून," ओळंबा म्हणाला.

सॉ एकट्यानं चालवायचा नाही, हा नियम. म्हणून गुरुवारी मेहुणाही रजा काढून आला. दुपार कलेपर्यंत सहा झाडं बाजूला झाली. सातवं सगळ्यांत जाड. मेहुण्यानं सॉ उतरवला, ओळंब्यानं हात फिरवला आणि थांबला. पट्टी धरून ठेवणाऱ्या दोन नटांपैकी एक नव्हता.

सॉ चौकटीला करकचून बांधला होता. खांद्याचं मांस हादरा खातं, लोखंड तो तसाच नटापर्यंत पोचवतं. एकतीस वर्षांत हे लक्षात यायचं कारणच पडलं नव्हतं.

"एका नटावर निघेल की," मेहुणा म्हणाला. "एकच तर झाड राहिलंय."

"साखळी उडाली तर बहिणीला तूच सांगशील?"

मेहुण्यानं हातकरवत काढली. ओळंबा उजव्या हातानं ओढत राहिला, दमला की मेहुणा. अंधार पडेपर्यंत निम्मं कापून झालं.

"सहा झाली," ओळंब्यानं ऑफिसात साहेबांना सांगितलं. "सातवं अर्धं. नट वाटेत पडला. तपासला नाही, चूक माझी."

"एका नटावर चालवला असता तर कोण बघत होतं?"

"कोणी नाही."

"आणि वाट मोकळी झाली असती."

"झाली असती. पुढच्या वेळीही मग तसाच चालवला असता."

साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. "गुरुवार संपला."

"हो," म्हणून तो उठला.

रात्री त्यानं चौकटीला जुन्या ट्यूबचं रबर लावलं आणि नवा नट बसवला. शुक्रवारी उजाडताच दोघांनी सातवं झाड अकरा मिनिटांत संपवलं. नऊला ओळंबा गोदामात खुर्चीवर बसला. शब्द तो शब्द.

अकराच्या सुमारास साहेब आले. बुटांना लाल माती होती.

"चौकीपर्यंत जाऊन आलो. वाटेत कुठं गाडीवरून उतरावं लागलं नाही. गोदामाला दुसरा माणूस बघतो. पण नट दर दोन तासांनी तपासायचे."

"दर झाडाला," ओळंबा म्हणाला आणि खुर्ची आत सरकवली.