एकेचाळिसाव्या मिनिटाला थांबलेली तबकडी

कापसाच्या गावात तंतू उडताना कोणाला दिसत नाहीत. दिसतात ते साचलेले. खिडकीच्या जाळीवर, पंख्याच्या पात्यावर, बंद कपाटातसुद्धा. किस्सेही असेच साचतात. अकोल्यात सलीमभाईंच्या संगणक-दुरुस्तीच्या दुकानात, सकाळचे महाविद्यालय आटोपून, मी कित्येक वर्षे बसत असे. लोक घरचा संगणक चादरीत गुंडाळून, ऑटोत मांडीवर घेऊन येत. तक्रार बहुधा एकच: “सीडी चालत नाही!”

मी तिला तबकडी म्हणे. सलीमभाई हसत. “सर, तुमी तबकडी म्हना का डिस्क म्हना, तिले काय फरक पडते? अडकाची तिथंच अडकते!”

मात्र प्रत्येक अडण्याला कारण असते, यावर त्यांची अढळ श्रद्धा. “बेवजह काहीच नसते, सर.”

एका दुपारी तेल्हाऱ्याहून सुशीलाबाई आल्या. एका हातात भाकरीची शिदोरी, दुसऱ्या हातात रुमालात बांधलेली तबकडी. यजमान वैशाखात वारले होते. छायाचित्र एकच, तेही रेशनकार्डावरचे, पुसट. हलताबोलता माणूस उरला होता तो फक्त या तबकडीत: पुतणीच्या लग्नात, पंगत वाढताना.

“मी त्या लग्नाले गेलीच नोती, ताप होता,” बाई म्हणाल्या. “पुतण्याच्या घरी लावली. एकेचाळीस मिनिटं चालते. हे दिसतात अन् तिथंच थांबते. एक डाव ह्यांचा आवाज आयकू द्या, भाऊ.”

सलीमभाईंनी तबकडी लावली. मंगलाष्टके झाली, पंगत बसली. एकेचाळिसावे मिनिट आले. हातात वरणाची बादली घेतलेले नामदेवराव चौकटीत शिरले, वाकले, आणि चित्र गोठले.

“मावशी, वेळ लागन. तुमी जेवून घ्या.”

“ह्यांले बोलताना पाह्यल्याशिवाय नाई.” शिदोरी त्यांनी मेजावर ठेवली.

मग उपचार सुरू झाले. आणि बाईंचे मन गुंतून राहावे म्हणून सलीमभाईंचे किस्सेही.

* * *

पहिला उपचार: तबकडीचा कप्पा तपासणे.

अमरावतीच्या एका वकिलांकडे हा कप्पा रोज दुपारी तीनला आपोआप बाहेर येई. संगणक ज्या कोपऱ्यात होता, तिथे पूर्वी वकिलांचे वडील बसत. आणि तीन वाजता सुपारीसाठी हात पुढे करीत! सूनबाई त्या उघड्या कप्प्यावर रोज सुपारीचे खांड ठेवू लागल्या.

“गरमीनं आतला रबरी पट्टा ढिला झाला होता, दुसरं काय!” सलीमभाई म्हणाले. “बदलला. कप्पा गपचूप बसला. निघताना सूनबाई दारापर्यंत आल्या. हळूच म्हने, ‘भाऊ, आता मामंजी मागतील कसे?’”

कप्पा ठीक होता. चित्र तिथेच गोठलेले.

* * *

दुसरा उपचार: चित्र उलगडणारी प्रणाली नव्याने भरणे.

सेमाडोहच्या एका रखवालदाराने जंगलाच्या चित्रणाची तबकडी आणली होती. पडदा काळा, पण आवाज स्पष्ट. सुक्या पानांवर कोणीतरी चालते आहे. थांबते. श्वास घेते. पुन्हा चालते. त्याच्या घरची माणसे संगणकाच्या खोलीत जाईनाशी झाली होती.

सलीमभाईंनी प्रणाली भरली. चित्र आले: उन्हाची लखलखीत पायवाट. पाने चुरत होती, श्वास ऐकू येत होता. पायवाटेवर कोणी नव्हते.

“चित्रन करनाराच चालत असन ना बाबा, कॅमेरा घेऊन!” सलीमभाईंनी समजावले.

रखवालदार म्हणाला, “साहेब, तिपाईवर ठेवून मी घरी जेवाले गेलो होतो.”

सुशीलाबाईंनी पदर घट्ट ओढून घेतला. चित्र हलले नाही.

* * *

तिसरा उपचार: तबकडी स्वच्छ करणे.

दसऱ्याला शस्त्रांची, अवजारांची पूजा होते. अकोल्यातल्याच एका घरी त्या दिवशी संगणकाची पूजा झाली आणि लग्नाच्या तबकडीलाही हळद-कुंकू लागले, नेमके चकचकीत बाजूला! दुसऱ्या दिवशी पडद्यावर नवरीचा चेहरा फुटू लागला. आधी डोळे, मग कपाळ.

“कपडा द्या, पुसून देतो,” सलीमभाई म्हणाले. बोलता बोलता घर रिकामे झाले. लग्नाच्या तबकडीवरचे कुंकू पुसायला कोण हात लावणार? सासू गेली, जाऊ गेली. नवरी तर केव्हाच आत गेली होती.

“मग?” बाईंनी प्रथमच विचारले.

“मग काय! म्हटलं, पुसत नाई, न्हाऊ घालतो. तांब्याभर पानी आना. सगळ्या भाईर आल्या!”

बाई हसल्या. त्यांची तबकडीही सलीमभाईंनी तशीच धुतली, मधून कडेकडे अलगद टिपली, लावली. एकेचाळिसावे मिनिट. नामदेवराव वाकले. थांबले.

* * *

गती कमी केली. नक्कल उतरवून पाहिली, तीही उतरेना. उन्हे मेजावरून भिंतीवर गेली. शिदोरी तशीच.

“मावशी, चरा खोल हाय,” सलीमभाई अखेर म्हणाले. “मले नाई जमत.” त्यांनी कळ दाबली, तबकडी काढली आणि भोकात बोट घालून खिडकीच्या उजेडात धरली. आम्ही दोघे तो चरा शोधू लागलो.

मागून पंगतीचा कलकलाट ऐकू आला.

आम्ही वळलो. पडद्यावर नामदेवराव वरण वाढत होते. त्यांनी बादली खाली ठेवली, पाठ सरळ केली आणि थेट बाहेर पाहिले.

“सुशे, जेवली काय वं?”

कप्पा उघडा होता, रिकामा. तबकडी सलीमभाईंच्या बोटात होती. मी त्यांच्याकडे पाहिले. “याचं कारन...” म्हणत त्यांनी बोटातली तबकडी उलटसुलट करून पाहिली.

बाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला.

“आता बसली जेवाले,” त्या म्हणाल्या, आणि शिदोरीची गाठ सोडली.