मेंढीकाकांचा स्पंज

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत ‘माज’ हा शब्द चारचौघांत मोठ्यानं उच्चारणारा एकच माणूस होता, मेंढीकाका. पशुवैद्यकाचे प्राध्यापक. कोणाच्या बारशालाही ते सांगत सुटायचे, “मेंढी माजावर येते ती मेंदूच्या हुकमानं!” काकू लाजेनं अर्ध्या व्हायच्या. काकांना मात्र लाज ठाऊकच नव्हती.

एकोणीसशे सत्तरच्या आसपास त्यांना एका स्पंजाचं वेड लागलं. “यात गर्भ राखणारं हार्मोन भरलेलं असतं. पंधरवडाभर मेंढीच्या योनिमार्गात ठेवायचा. तोवर तिला माज येत नाही. काढला की दोन-तीन दिवसांत सगळा कळप एकदम माजावर! कोकरंही मग एकदमच.”

दर हिवाळ्यात डोंगराच्या पायथ्याशी भागोजी धनगर कळप घेऊन उतरायचा. काका त्याच्या मागे लागले. “एका वयाची कोकरं एकदम बाजारात नेशील रे!”

“सायेब, तुमी म्हनता तर करू,” भागोजी म्हणाला.

स्पंजानं आपलं काम चोख केलं. वैशाखात एकाच आठवड्यात मेंढ्या व्याल्या आणि त्याच आठवड्यात वळीव झोडपत राहिला. एरवी कोकरं मागंपुढं जन्मत; थोडी गेली तरी बाकीची आईच्या पोटात सुखरूप असत. या वेळी सगळी उघड्यावर होती. भिजून, गारठून जवळजवळ सगळी गेली.

भागोजी दारात आला तेव्हा मी काकांकडे अभ्यासाला बसले होते. त्याचा आवाज ऐकताच काका न्हाणीघरात शिरले आणि आतून कडी लावली.

“ते बाहेर गेलेत,” काकू कशाबशा म्हणाल्या.

“सायबांना सांगा, जिवाला लावून घेऊ नका. पाऊस काय त्यांनी पाडला?”

तो गेल्यावरही काका बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले तेव्हा माझ्याकडे बघेनात.

पुढच्या हिवाळ्यात भागोजी आला नाही. उरलेल्या मेंढ्या विकून तो घाटकोपरकडच्या दगडखाणीत लागल्याचं त्याच्या भावानं सांगितलं. त्या रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून काका एकटेच निघाले. परतले ते धुळीनं माखून.

“माफी मागितलीत?” काकूंनी विचारलं.

काका चपला न काढताच उंबऱ्याशी बसले. “मला बघून त्यानं हातातला घण टाकला. बसायला घोंगडी अंथरली, चहा मागवला. मग खाणीतल्या सगळ्यांना सांगत सुटला, हे आमचे डाक्टर, लई शिकलेले.”

“मग?”

“मग काय... चहा पिऊन आलो.”