रूथआजींची ओंजळ

बोलावणं होतं म्हणून रविवारी वेशीबाहेरच्या चर्चमध्ये गेलो होतो. पाळकांनी विहिरीवरची गोष्ट वाचली. हलक्या समजल्या जाणाऱ्या शोमरोनी बाईकडे येशू स्वतः पाणी मागतो. मग प्रभुभोजनाचा प्याला फिरला. पुढे बसलेल्या रूथआजींनी तो हातात न घेता तोंडापाशी ओंजळ धरली.

"आजी, प्याला हातात घ्या," पाळक हळूच म्हणाले.

"सवय हो, साहेब," त्या ओशाळून हसल्या.

ती सवय आमच्याच विहिरीवरची. माझी आई वरून पाणी ओतायची, त्या खाली ओंजळ धरायच्या. किती देश ओलांडून येशूची ती गोष्ट त्यांच्या वस्तीत पोचली. त्यांच्या हातांपर्यंत मात्र नाही.

परतताना आजींच्या दाराशी थांबलो. घसा कोरडा पडला होता. पण पाणी मागायला तोंड उघडलं नाही.