डोळे मिटून केलेला व्हिडिओ कॉल

हसाचं असन तर आताच हसून घ्या भाऊ, मंग मधात तोडू नका. एका जित्याजागत्या बाईच्या दारात मी ॲम्बुलन्स उभी केली. तेही प्रार्थना करता करता! आता बोला!

लॉकडाऊनची गोष्ट. मी महागावात एकटा. मास्तरकीतून रिटायर झालो त्याले सहा वर्षं झाली होती, अन् बायको प्रभूघरी गेली त्याले दोन. पोरगा पुण्यात अडकला. घरात बोलाले चिटपाखरू नाही. रेडिओवरची बाई 'नमस्कार' म्हणे, तर मी तिले 'नमस्कार बाई' म्हणाचो. सकाळी दूधवाल्याले उगाच विचाराचो, "म्हशी बऱ्या आहेत ना?" तो बिचारा तोंडाले फडकं बांधून लांबूनच दूध ओते अन् पळे.

चर्चले कुलूप. तवा आमच्या पाळकसाहेबांनी एक यादी केली. मंडळीत एकटे म्हातारे कोण, अन् त्याईले रोज फोन कोण करन. मले म्हणाले, "मास्तर, ढाणकीच्या एस्तेरमावशी अन् तुम्ही. रोज पाच वाजता व्हिडिओ कॉल. स्तोत्र वाचा, प्रार्थना करा, दोन शब्द बोला."

एस्तेरमावशी पंच्याहत्तरीच्या. विधवा. घरात त्या अन् एक बकरी. म्हटलं, चला, देवानं आपल्याले कोणाच्या तरी कामी लावलं!

आता माही एक खोड सांगतो. आमच्यात प्रार्थना म्हणजे डोळे मिटून, मोठ्यानं, मनात येईन ते. अन् माह्या मनात लय येते! चर्चमंदी मी उभा राह्यलो का बाया लेकरं घेऊन बाहेर जात. बायबलातल्या उत्पत्तीपासून सुरू कराचो, मंग जगातले सारे राजे, डॉक्टर, पोलीस, कळंबची माही साळी, साळीचे गुडघे... कोणालेच सोडत नव्हतो. पाऊण तास!

मावशीचा मोबाइल लोणच्याच्या बरणीले टेकवलेला असे. मी डोळे मिटाचो. शेवटी 'आमेन' म्हटलं का तिकडून आवाज ये, "आमेन मास्तर, जय ख्रिस्त." फोन बंद. असा सव्वा महिना. खरं सांगू? माह्या अख्ख्या दिवसात तेवढाच पाऊण तास होता. दुपारी तीनलेच मी धुतलेला सदरा घालून बसाचो.

त्या दिवशी गॅसवर तुरीचं वरण ठेवलं होतं. प्रार्थनेत मी नुकता तांबड्या समुद्रापाशी पोहोचलो, तं करपल्याचा वास! इस्राएल लोकांले तसंच पाण्यात उभं केलं अन् डोळे उघडले.

पाह्यतो तं काय! खुर्ची उलथी पडलेली. मावशी नाही. पडद्यावर बकरी! तोंडात मावशीचं पातळ, अन् एकटक माह्याकडं पाहून राह्यली.

"मावशी! ओ मावशी!"

बकरी म्हणे, "बें!"

तो काळ आठवा. साधी शिंक आली तरी घरचे पाहुण्यासारखे लांब बसत. मले वाटलं, म्हातारी गेली! ढाणकीच्या आरोग्य खात्याच्या आशाताईंचा नंबर यादीत होता, दुसऱ्या बटनवाल्या फोनवरून लावला.

"ताई, एस्तेरमावशी पडल्या! श्वास नाही!"

"श्वास नाही, हे तुम्हाले महागावातून कसं समजलं?"

"आमेन नाही म्हणून राह्यल्या!"

"खोकला होता काय?"

"असनच ना! या वयात कोणाले नसते?"

झालं! पंधरा-वीस मिनिटांत ॲम्बुलन्स दारात, अन् डोक्यापासून पायापर्यंत पांढरं प्लास्टिक घातलेले दोन जण घरात. व्हिडिओ कॉल चालूच होता. गल्लीतले दरवाजे धाडधाड बंद झालेले मले इथं ऐकू आले. मी इकडून बोंबलून राह्यलो, "दार तोडा! दार तोडा!" अन् ते तं दारातून आत येऊन उभे होते.

तेवढ्यात मागच्या दारानं मावशी आल्या. हातात भरल्या वांग्याची वाटी!

"अवो माय! कोण मेलं?"

"तुम्हीच मावशी," एक प्लास्टिकवाला म्हणाला.

"मी? मी तं मागच्या कुंपणाच्या कुपाटीपाशी शेजारच्या कमळीसंग बोलून राह्यली होती. मास्तरची प्रार्थना चालू होती ना!"

"रोज जाता?"

"रोजच. आमेनले येतो वापस."

ऐकलं मी. वरण तं करपलंच होतं, आता मीही करपलो.

पण खरा घोटाळा पुढंच झाला. खोकल्याचं माह्या तोंडून निघालं होतं, म्हणून मावशीच्या नाकात काडी घातली. दारापुढं बांबू ठोकले. रिपोर्ट चांगला आला तरी गल्ली जवळ येईना. शेजारची कमळी, लमाणाच्या घरची, मोठी जीव लावणारी. तिच्या नवऱ्यानं कुपाटीवर टिनाचे पत्रे ठोकून टाकले. मावशीले बोलाले एकच माणूस होतं अन् ते मी, सेवा करता करता, तोडलं. लय लाज वाटली.

चार दिवस मी पाच वाजता फोन हातात घेऊन बसलो अन् लावला नाही. त्याईनं उचललाच नाही तं? मंग माह्याकडं तरी कोण राह्यलं होतं?

पाचव्या दिवशी पाचले मावशीचाच फोन आला.

"काय मास्तर, आता तुम्ही मेले काय?"

"माफ करा मावशी. तुमच्यासारख्या एकट्या म्हाताऱ्या माणसाची सेवा कराले गेलो अन्..."

"कोणाची सेवा?"

"पाळकसाहेबांची यादी नाही काय? तुम्हाले माह्याकडं देलं ना."

तिकडं मावशी खोकला येईस्तोवर हसल्या. "मले कायले देतात? ते मले म्हणाले, मावशी, बायको गेल्यापासून मास्तर पार खचले. पाच वाजता त्याईचा फोन उचलत जा, बोलू द्या बिचाऱ्याले. सव्वा महिना मी तुमची सेवा करून राह्यली!"

बाप्पा! म्हणजे यादीतला एकटा म्हातारा मी होतो!

डोळे भरून आले.

"आज मी प्रार्थना करतो," मावशी म्हणाल्या. "मिटा डोळे."

मिटले.

"हे प्रभू, हा माणूस एकटा हाय, मीबी एकटी हाय. आम्हाले एकमेकांचं ऐकू दे. अन् याले कधीमधी थांबाची बुद्धी दे. आमेन."

संपली! पाणी प्याले लागते त्याहून कमी वेळात! मावशी बसल्या आहेत का उठून गेल्या, म्हणून मी हळूच एक डोळा उघडला. मावशी जागेवरच होत्या. दोन्ही डोळे टक्क उघडे ठेवून पाहून राह्यल्या होत्या, का हा बाबा आता पुढं जोडते का काय!

"आमेन," म्हटलं, अन् जन्मात पहिल्यांदा गप बसलो.