बायांच्या अंगाची देवळी

परभणीतलं आमचं चर्च पहिल्यांदा बघणारा माणूस विचारतोच, हे नेमकं हाय तरी काय? खिडक्यांच्या कमानी मशिदीसारख्या, दरवाजा गढीसारखा, आणि वर क्रूस. मी छाती फुगवून सांगतो, निजामाच्या काळात इथल्याच गवंड्यांनी बांधलं. त्यांच्या हाताला जे येत होतं ते त्यांनी बांधलं. आधी दगड-चुन्याची एक खोली आणि वर मातीचं माळवद. पुढं पत्रे आले, मग घंटेचा मनोरा, आणि अलीकडं समोर स्लॅबचा पोर्च. पोर्च मला आवडत नाही. ते सगळ्यांना सांगून झालंय.

शाळा माझी तिसरीतच सुटली, पण ही इमारत मला पाठ. म्हणून यंदा नाताळाच्या तोंडावर पंचांनी आतून टाइल्स लावायचं काढलं, तेव्हा मी आडवा पडलो.

"भिंतीत देवळी हाय," म्हणलं. "दिवा ठेवायची. गवंड्यानं घरात काढतात तशी हितं काढली. लाइट आली तवा फरशी लावून बुजवली. आता वर टाइल बसली की कायमची गेली."

पंचांचे अध्यक्ष माझ्या पुतण्याच्या वयाचे. "काका, आमी तर कुणीच बघितली न्हाई."

"तुमी जन्मलेच कुठं होतात?"

"बरं, उद्या टाइलवाला यायलाय. आज दाखवा. निघाली तर टाइल रद्द. न्हाई निघाली तर तुमी गप बसायचं."

"गप? हे?" मागून आमची बायको म्हणाली. "त्यापरीस टाइलच रद्द करा."

उपासना नुकतीच सुटली होती, पण घरी कोण जातंय? आमच्यात अजून सतरंजीवरच बसतात. उजव्या अंगाला गडी, डाव्या अंगाला बाया. मी तडक उजव्या भिंतीकडं गेलो, तिसऱ्या खिडकीच्या बाजूला बोट ठेवलं. "हितं फोडा."

गिलावा पडला. आत दगड. हातभर पुढं फोडलं. तिथंही दगड. पाळकसाहेब रुमालानं धूळ पुसत हसायला लागले.

"काका, आता मनोरा पाडून बघायचा का?" अध्यक्ष म्हणाले.

"आधी पोर्च पाडा," मी म्हणलं. पण ती देवळी मला अजून दिसत होती. उपासनेला बसलं की बरोबर डोक्यावर, दिव्याचा उजेड मांडीवर सांडायचा. आई उठताना देवळीत बोट फिरवायची आणि तिथली काजळी माझ्या गालाला लावायची, दृष्ट लागू नये म्हणून. तवाचे पाळक रागवायचे. आई ऐकायची नाही. आमच्या घराण्याचाच गुण.

तेवढ्यात बायको पदर खोचून मधी आली. "अवो, तवा तुमी केवढे होतात?"

"पाच वर्षांचा असंन."

"मंग बसायचात कुणापाशी?"

"आईपाशी. मांडीवर."

"मंग सासूबाई काय गड्यांत बसायच्या?"

सगळं चर्च हसून फुटलं. पाळकसाहेब तर सतरंजीवरच बसले. जन्मभर गड्यांत बसून बसून मी ती देवळीही आपल्या अंगाला आणून ठेवली होती.

"मी उजवीकडं म्हणलो ते पाळकसाहेबांच्या बाजूनं," मी म्हणलं. ते तिकडून आपल्याकडं तोंड करून उभे राहतात, तेव्हा ते खोटंही नव्हतं.

"व्हय व्हय," बायको म्हणाली. "चला आता बायांत."

डाव्या भिंतीला तिसऱ्या खिडकीपाशी हातोडीचा आवाज बदलला. पोकळ. मग कुणी हसलं नाही. गिलावा निघाला, मागची फरशी निघाली, आणि आत वीतभर कमानीची देवळी, कोळशासारखी काळी. अध्यक्षांनी तिथंच उभ्या उभ्या टाइलवाल्याला फोन लावला, येऊ नको म्हणून.

मी काही बोलायच्या आत बायकोनं देवळीत बोट फिरवलं आणि साऱ्या मंडळीसमोर माझ्या गालाला काळा टिपका लावला.

"पुसा की, काका," अध्यक्ष म्हणाले.

मी नाही पुसला. स्टेशन रोडनं तसाच घरी गेलो.