मामाजींची कुत्र्यांची शिरगणती

वाशीमपासून मानोऱ्यापर्यंतचं प्रत्येक कुत्रं, मालकाच्या कामधंद्यासकट ओळखणारा माणूस या पृथ्वीवर एकच झाला आणि तो माझ्या आईचा सख्खा भाऊ होता. मामाजी कोर्टात नकलनवीस होते. एक्कावन्न सालच्या शिरगणतीत त्यांना घरोघर माणसं मोजायला धाडलं. ते काम संपलं, सरकारचं समाधान झालं. मामाजींचं झालं नाही. आता मोजायचं काय, या बेचैनीत त्यांना दारोदारची कुत्री दिसली, आणि पुढं कित्येक वर्षं त्यांचा एकही रविवार मामींच्या वाट्याला आला नाही. बूड टेकणं त्यांना ठाऊकच नव्हतं. चहा उभ्यानं पीत, तोही अर्धा. उरलेला कप मामींना कधी खिडकीत, कधी शेजाऱ्यांच्या ओट्यावर सापडे. एका लग्नात वरपित्याला त्यांनी पहिला प्रश्न केला, "मांडवामागचं बांडं कुत्रं कोणाचं हो?" तो भांबावून म्हणाला, "पोरीकडचं असन." मामाजींनी ते वहीत वधूपक्षाकडे मांडलं.

त्यांचे निष्कर्षही ठाम असत. वकिलांची कुत्री नुसती भुंकतात. मोठ्या जमीनदाराकडे तीन-तीन असतात आणि तिन्ही उपाशी, "कारण तिथं जो तो समजते, दुसऱ्यानं टाकली असन भाकर." आसेगावला दोन शेजाऱ्यांनी एकाच कुत्र्यावर हक्क सांगितला, तेव्हा मामाजींनी 'अर्धं-अर्धं' लिहिलं. पुढच्या रविवारी त्या कुत्र्यानं पाहुण्याचं धोतर फाडलं, आणि दोघंही म्हणाले, "आमचं नाही, त्याचं."

एका उन्हाळ्यात मानोऱ्याकडे कोणाला तरी पिसाळलेलं कुत्रं चावलं आणि बेवारशी कुत्री मारायचा हुकूम निघाला. कोर्टात हे कानावर पडताच मामाजी हातातली नक्कल तशीच टाकून उठले. तिकडच्या एका तांड्यातली सगळी माणसं कामासाठी परमुलखात गेली होती आणि कुत्री बंद दारांशी बसून होती, हे फक्त त्यांच्या वहीला माहीत होतं. मामींचं जुनं लुगडं बगलेत मारून, सायकल मोटारीच्या टपावर टाकून ते तिथं पोचले आणि चिंध्या फाडून कुत्र्यांच्या गळ्यात बांधत सुटले. तेवढ्यात विषाच्या भाकरी घेऊन माणूस आला.

"यायले मालक हायेत," मामाजी धापा टाकत म्हणाले. "हे पाहा, लिवलं आहे."

"मालक कुठी हाय?"

"पोटामागं गेला. येईन ना!"

"बाबूजी, पट्टा दिसला त सोडीन. बाकीचं मले सांगू नका."

सोळा गळ्यांत चिंधी बांधून झाली. सतरावी पांढरी कुत्री काही केल्या हाताला लागेना. मामाजी तिच्यामागं उन्हात धावले, पडले, गुडघे फुटले. ती लांब पळाली आणि तिनं लांबच ती भाकर खाल्ली.

पावसाळ्याच्या तोंडाशी माणसं परतली, तेव्हा मामाजी पुन्हा गेले. पांढऱ्या कुत्रीची मालकीण एकटी म्हातारी होती. "मले हाती नाही लागली, बाई," एवढंच त्यांना बोलता आलं.

म्हातारी म्हणाली, "ते कोणाच्याच हाती लागे नाही, बाबू. माह्या एकलीच्या लागे. वहीत तिचं नाव लिवलं काय?"

मामाजींनी पानं उलटली. मालक होता, धंदा होता, रंग होता, शेपटीचा वाकही होता. नाव एकाही कुत्र्याचं नव्हतं.

"काय नाव होतं?"

"चांदी."

पुढच्या रविवारी ते वही घेऊन पुन्हा पहिल्या दारापासून निघाले. मामी म्हणाल्या, "आता काहून? झालं ना सगळं मोजून?"

"मोजलं व," मामाजी म्हणाले, "इचारलं नोतं."

ते काम पुरं व्हायच्या आतच ते गेले. वही आता माझ्याकडे आहे. अक्षर इतकं घाईचं की निम्मी नावं लागत नाहीत; जी लागतात ती मी कधीकधी मोठ्यानं वाचतो. शेवटच्या पानावर मानोऱ्याच्या वाटेवरचं एक घर आहे आणि एक काळं कुत्रं. नावाच्या जागी लिहिलंय, 'धनी शेतात गेलेला. पुन्हा येणे.'