शाल्मलीची पसंती मी खोटी लिहिली

पहिला दिवस : संक्रांतीनंतरचा रविवार, सकाळ. स्थळ : झाशीच्या छावणीलगतच्या एका क्लबचे पॅडेल कोर्ट. जबाबदार : क्लबचे मानद अध्यक्ष.

तोच दिवस, संध्याकाळ. स्थळ : प्रेम नगर, माझ्या घरातले लिहिण्याचे टेबल. जबाबदार : मी.

होळीच्या आधीचा शनिवार. पुन्हा कोर्ट. जबाबदार : प्रशिक्षक, कारण त्याला दिसत होते. आणि मी, कारण मला सांगितले गेले होते.

होळीनंतरचा मंगळवार. अध्यक्षांची खोली. जबाबदार कोण, ते या निवेदनात पुढे येईल.

एकाच दिवसाच्या दोन नोंदी का केल्या, असे कोणी विचारील. त्या रविवारी सकाळी जे झाले तो अपमान होता. संध्याकाळी जे झाले तो अपराध होता, आणि तो माझ्या हस्ताक्षरात आहे.

सकाळचे आधी सांगतो. अध्यक्षांनी आपल्या मुलाच्या पिशवीतून रॅकेट काढली. मुलाने वर्षभर वापरलेली, कडेला रंग उडालेली. ती त्यांनी माझ्या नातीच्या हातात ठेवली, कॅमेऱ्याकडे तोंड वळवले आणि म्हणाले, "अपने यहाँ स्टाफ़ के बच्चे भी चैंपियन की रैकेट से खेलते हैं।"

टाळ्या.

शाल्मली तेरा वर्षांची आहे. तिने रॅकेट हातात तोलली आणि सरळ म्हणाली, "अंकल, मैंने तो गोल वाली बताई थी।"

अध्यक्ष हसले. "अरे बिटिया, दान की बछिया के दाँत नहीं देखे जाते।"

सगळे हसले. मीही हसलो. हे मी कोणी विचारण्याआधी नोंदवतो. मी हात जोडले आणि हसलो. आमचे पूर्वज झाशीत तलवार घेऊन आले, असे मी प्रत्येक लग्नात पाहुण्यांना ऐकवतो. त्या सकाळी माझ्या तोंडून एवढेच निघाले, "बड़ी कृपा है, अध्यक्ष जी।"

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा आवश्यक आहे. पॅडेल हा टेनिसच्या कुळातला खेळ. मैदान लहान, भोवती काच आणि जाळी, आणि काचेवर आपटून परत आलेला चेंडूही मारता येतो. रॅकेटीला तारा नसतात; भोके पाडलेली जाड फळीच ती. माझी सून या क्लबच्या काउंटरवर बसून कोर्टाच्या वेळा लिहून घेते. कर्मचाऱ्यांच्या मुलांना दुपारी खेळता येते, म्हणजे बुंदेलखंडाच्या उन्हात, जेव्हा सभासद घरी झोपलेले असतात. त्या उन्हात शाल्मली शिकली, आणि क्लबच्या मुलींमध्ये सर्वांत पुढे गेली. निवड चाचणीत ती पहिली आली. स्पर्धेसाठी लखनौला जाणाऱ्या संघात तिचे नाव लागले.

तोवर ती क्लबची भाड्याने द्यायची रॅकेट वापरत होती. प्रशिक्षकाने दिल्लीहून तीन रॅकेटी पारखायला आणल्या. या खेळात रीतच आहे : काही दिवस एक वापरायची, काही दिवस दुसरी, मग खेळणाऱ्याने स्वतः सांगायचे. शाल्मलीने तिन्ही वापरल्या. मराठी तिला पूर्ण समजते, बोलताना मात्र ती हिंदीचा हात धरते. तिने मला सांगितले ते असे : "गोल वाली चांगली आहे, आजोबा. तिचा मधला भाग मोठा आहे ना, काचेवरून तिरका आलेला बॉल पण नीट लागतो. हलकी आहे. आणि मारला की हात झनझनात नाही."

प्रशिक्षकाने मान डोलावली होती. "हओ, एकदम सही बोल रही है।" किंमत मी देणार होतो. तो प्रश्न कधीच नव्हता.

अध्यक्षांनी दिलेली रॅकेट हिऱ्याच्या आकाराची. टणक. सगळे वजन टोकाला. पूर्ण वाढलेल्या पुरुषाने डोक्यावरून जोरात फटका हाणावा, यासाठी बनवलेली. शाल्मलीला हे पहिल्या क्षणी मनगटात कळले. प्रशिक्षकाला नजरेने कळले. मला शब्दांनी कळले होते, कारण तिने मला आठवडाभर आधी सारे समजावले होते.

आता संध्याकाळ.

प्रशिक्षकाचा फोन आला. "पेशकार साहब, अध्यक्ष जी चाहते हैं दो लाइन का धन्यवाद-पत्र आ जाए। आपकी क़लम का तो जवाब नहीं।"

पेशकार म्हणजे न्यायाधीशासमोर बसून फायली मांडणारा, जबान्या उतरवून घेणारा कारकून. मी आयुष्यभर तेच काम केले. निवृत्तीनंतर अर्ज लिहितो. वीज मंडळाला, नगर निगमला, रेल्वेला. मोहल्ल्यात माझ्या अर्जांना मान आहे. प्रशिक्षकाला ते माहीत होते. माझ्याकडे दोन ओळी मागितल्या होत्या. मी एक पूर्ण पान लिहिले.

त्यात एक वाक्य असे : "खिलाड़ी ने रैकेट को स्वयं परखकर अपने खेल के अनुकूल पाया है और सहर्ष स्वीकार किया है।"

हे वाक्य माझ्याकडे कोणी मागितले नव्हते. धमकी नव्हती, सूचनाही नव्हती. त्या वाक्याशिवाय पत्र अपुरे दिसत होते, म्हणून मी ते घातले. मला ते सुंदर वाटले.

शाल्मली दारात येऊन उभी राहिली. "काय लिहिताय, आजोबा?"

"तुझ्याच भल्याचं."

ती गेली. मी सही केली.

हे वाक्य माझ्या हाताला इतके सहज कसे सुचले, ते मला ठाऊक आहे. कचेरीत प्रत्येक जबानीच्या शेवटी एक ओळ असते : सुनकर तस्दीक किया. म्हणजे साक्षीदाराला त्याची जबानी वाचून दाखवली आणि त्याने ती खरी असल्याचे मान्य केले. मी ही ओळ किती वेळा लिहिली, याची मोजदाद नाही. किती वेळा खरोखर वाचून दाखवले? घाई असे. साहेब उठायच्या बेतात असत. मऊरानीपुरच्या बाजूची एखादी म्हातारी समोर उभी असे, तिची जमीन त्या कागदावर असे, आणि मी म्हणे, "अम्मा, अँगूठा लगाओ।" ती विचारी, "का लिखो है, भैया?" मी म्हणे, "जो तुमने कहा वही।" ती अंगठा लावी. तिने जे सांगितले तेच लिहिले होते की साहेबांना सोयीचे ते, हे तिला कधी कळले नाही. त्या बायांची नावे मला आठवत नाहीत. हेही माझ्यावरच्या आरोपात धरावे.

आमच्या घरातल्या मुलीच्या बाबतीत मी तेच केले. तिला वाचता येत होते, एवढाच फरक. मी तिला कागद दाखवलाच नाही.

पुढचे महिने थोडक्यात. रॅकेट अध्यक्षांची, फोटो फाटकावरच्या फ्लेक्सवर, मग दुसरी रॅकेट हातात घेणे म्हणजे त्यांची बेअदबी. ती तीच घेऊन खेळली. "आजोबा, कोपर दुखतं. अंदर से." मी म्हणालो, सवय होईल. पुन्हा म्हणाली. मी मिठाच्या पुरचुंडीने शेकले आणि म्हणालो, मोठ्या खेळाडूंनाही दुखते. तिसऱ्यांदा तिने मला सांगितले नाही. आईला सांगितले.

होळीच्या आधीच्या शनिवारी मी जाळीबाहेर बाकावर बसलो होतो. प्रत्येक चेंडूनंतर शाल्मली रॅकेट डाव्या हातात घेई आणि उजवा हात फ्रॉकला पुसावा तसा मांडीवर दाबून धरी. प्रशिक्षक हे पाहत होता. मी त्याला पाहताना पाहिले. "शालू बेटा, स्मैश!" तो ओरडला. तिने मारले. रॅकेट हातातून सुटली, मनगटाच्या दोरीवर लोंबकळत राहिली. ती खाली बसली. रडली नाही.

डॉक्टरीणबाईंनी कोपर चाचपले आणि खेळ पूर्ण बंद करायला सांगितले. लखनौ संपले. मग त्यांनी रॅकेट हातात घेऊन विचारले, "इतनी सी बच्ची के लिए यह चुना किसने?"

शाल्मलीने माझ्याकडे पाहिले. मी भिंतीवरचे हाडांचे चित्र पाहत राहिलो.

मंगळवारी मी अर्ज घेऊन अध्यक्षांकडे गेलो. मागण्या तीन : रॅकेट परत घ्यावी, दुखापत क्लबच्या नोंदीत लिहावी, हात बरा झाल्यावर नव्या चाचणीशिवाय तिची संघातली जागा तिला मिळावी. अध्यक्षांनी अर्ज वाचलाच नाही. फाइल मागवली. त्यातून माझे पत्र काढले.

"पेशकार जी, यह लिखावट किसकी है?"

"मेरी।"

त्यांनी ते वाक्य मोठ्याने वाचले. प्रशिक्षक बाजूला उभा होता, जमिनीकडे पाहत. "स्वयं परखकर। सहर्ष। अब कोहनी दुखी तो रैकेट दोषी?" मग आवाज मऊ झाला. "ऐसा कीजिए, एक और लिख दीजिए। पढ़ाई के कारण टीम से नाम वापस लेती है। हमारी भी इज़्ज़त रह जाएगी, आपकी भी। लिखते तो आप बढ़िया हैं।"

कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. वर स्वतःचे पेन ठेवले.

मी पेन उचलले. हेही लपवत नाही. पहिली ओळ मनात तयार झाली होती, "सविनय निवेदन है कि". वाक्य आपोआप पुढे चालले होते. आणि मला दिसले की या वाक्यातही ती मुलगी कुठे नाही. तिच्या नावाने मी पुन्हा बोलणार होतो, आणि ती पुन्हा दाराबाहेर.

"नहीं लिखूँगा।"

"क्या?"

"नहीं लिखूँगा। पहले वाला भी झूठ था।"

अध्यक्षांनी काचेपलीकडे, काउंटरकडे पाहिले. "बहू यहीं बैठती है। ध्यान है न?"

"है।"

मी पिशवीतून ती रॅकेट काढली, टेबलावर ठेवली आणि पोच मागितली. दिली नाही. पेन टेबलावर टाकून मी निघालो.

घरी येऊन सुनेला म्हणालो, "तुझ्या नोकरीसाठी गप्प राहिलो होतो गं मी." तिने पोळी लाटता लाटता उत्तर दिले, "माझं नाव पुढे करू नका, मामंजी. मी तेव्हा तुम्हाला गप्प राहा म्हणाले नव्हते. तुम्ही विचारलंच नव्हतं."

मग मी त्या पत्राची माझ्याकडची नक्कल शाल्मलीला वाचून दाखवली. पूर्ण. ती ऐकत होती, हात गळ्यातल्या पट्ट्यात. शेवटी म्हणाली, "मी कधी बोलली असं?"

"नाही बोललीस."

"मग सगळ्यांना सांगा ना. मला एकटीला काय सांगता?"

म्हणून हे जाहीर निवेदन. मी शपथपत्र केले आहे : माझ्या पत्रातले ते वाक्य खोटे होते, खेळाडूने ती रॅकेट पारखली नव्हती, पसंत केली नव्हती, आणि तिचा स्पष्ट नकार मला माहीत असताना मी ते लिहिले. या खोटेपणाची जी शिक्षा असेल ती मला व्हावी. सुनेने राजीनामा दिलेला नाही, देणार नाही. तिला काढायचे असेल तर कारण लेखी द्यावे लागेल. शाल्मलीचा हात बरा झाल्यावर तिची रॅकेट ती निवडील. मी सोबत जाईन आणि तोंड बंद ठेवीन.

आता अध्यक्ष महोदय, आपण.

क्लबच्या येत्या सर्वसाधारण सभेत, सर्व खेळाडू आणि त्यांचे पालक समोर बसलेले असताना, आपण उभे राहून दोन प्रश्नांची उत्तरे द्यावीत. तिने "गोल वाली" म्हटले ते आपल्याला ऐकू आले होते की नाही? आणि आले असेल, तर तिच्या जागी आपला मुलगा असता, तर आपण त्याला हेच उत्तर दिले असते का?

आधी मी माझे शपथपत्र वाचीन. मग आपली पाळी. प्रशिक्षकामार्फत आलेला निरोप, फोन, किंवा बंद लिफाफा मी उत्तर म्हणून स्वीकारणार नाही. शाल्मली पहिल्या रांगेत बसेल. तिच्याकडे पाहून बोला.